पहिला चेंडू उस्तादांचा होता

बीदरजवळच्या कोळारच्या फुटबॉल स्पर्धेच्या कमिटीनं आमच्या उस्तादांना फसवलं. पहिला चेंडू तुम्हीच मारायचा, असं त्यांच्या घरी जाऊन सांगितलं आणि ऐन वेळी तो मान एका ठेकेदाराला दिला.

आमच्याकडं नारळ फुटला की पाहुण्यानं पहिला चेंडू मारायचा असतो. त्याशिवाय शिट्टी वाजत नाही. उस्ताद त्यासाठी जुन्या बुटांना नवा तळ लावून आले होते.

आज मी तूर-हरभऱ्याचा व्यापारी आहे. बीदरच्या बाजारात माझ्याशी भाव करायला बसणारा आधी पाणी पिऊन घेतो. ते या माणसामुळं. तरुणपणी मी कोळारच्या गोदामात पोती उचलायचो. संध्याकाळी उस्ताद आम्हा हमालांना खेळवायचे. मी बचावाला. डोकं तापट, चेंडू दिसला की अंगावर धावून जायचो आणि समोरचा बाजूनं निघून जायचा.

"कामून पळायलास?" उस्ताद विचारायचे. "बैल सुटलाय का तुझा?"

मग ते इटलीतल्या एका बचावपटूची गोष्ट सांगायचे. तिकडं फुटबॉल नवा होता, त्या काळातला. त्याचं नाव कुणालाच नीट म्हणता येईना, म्हणून आम्ही त्याला इटलीचा अप्पा म्हणायचो. चामड्याचा चेंडू पावसात भिजून दगडासारखा व्हायचा, तो अप्पा डोक्यानं परतवायचा. मधे लढाई लागली. तो सैन्यात गेला आणि परत येऊन त्याच क्लबात त्याच जागी उभा राहिला. गोल मारणं नशिबी नव्हतं. पाय थकल्यावर तिथल्याच पोरांना शिकवू लागला.

"त्याची करामत एकच," उस्ताद सांगायचे. "समोरच्याला आधी हलू द्यायचा. तवर गप."

यातलं खरं किती, मी कधी तपासलं नाही. पण मैदानात गप उभं राहायला शिकलो आणि पुढं अडत्यासमोर बसलो तेव्हा तेच कामाला आलं. मी भाव बोलत नाही म्हटल्यावर समोरचाच घाईला येतो. घर, दुकान, मुलींची शिक्षणं, सगळं त्या शिकवणीचं देणं आहे.

स्पर्धेच्या त्या दिवशी मात्र गप बसणं जमलं नाही. कमिटीच्या अध्यक्षाला मांडवातच गाठलं.

"अण्णा, मैदान सपाट करायला ठेकेदाराचीच जेसीबी आली होती," तो म्हणाला. "उस्तादांना शाल देऊ की."

"शाल कुणी मागितली रे तुला?"

माझा आवाज चढला तसा उस्तादांनी मनगट धरलं. "चल बेटा, मॅच बघू."

सामना संपेपर्यंत ते गोलामागं उभे होते. दोन्हीकडच्या बचावपटूंना ओरडून सांगत होते, थांब, थांब, आता घे. एका पोरानं ऐकलं आणि चेंडू अलगद काढून घेतला, तेव्हा ते हसले. मला हसू आलं नाही.

अध्यक्षसाहेब, आमंत्रण द्यायला तुम्ही त्यांच्या घरी गेला होता. आता तिथंच जा आणि दिलेला मान कामून काढून घेतला, ते त्यांच्या तोंडावर सांगा.