नळाला न आलेलं पाणी

शेवगावात राहून मी एका जिल्हा दैनिकासाठी फोटो काढायचे. तालुक्यातल्या एका गावात नळयोजनेचं उद्घाटन होतं. पुढाऱ्यांनी फीत कापली, तोटी फिरवली. तोटी नुसतीच फुसफुसली. शेजारी एक म्हातारी हंडा लावून उभी होती, ती वाकून आत बघायला लागली. तोच फोटो मी नगरच्या कचेरीत पाठवला.

सकाळी तो पहिल्या पानावर आला. खाली नाव माझंच, पण तोटीतून मनगटाएवढी धार हंड्यात पडत होती. मी कचेरीत फोन केला. "बघतो," म्हणाले. मीही गप्प बसले, हे कबूल करायलाच हवं.

आठवड्यानं ती म्हातारी एसटीनं येऊन माझ्या दारात उभी राहिली. हातात पेपर.

"बाई, माझा हंडा भरला म्हनं. आमाला तर थेंब न्हाई. अन् ह्योच कागद दावून टँकर बंद केलाय त्यांनी. हितं तुजं नाव हाय."

तिला प्यायला पाणी देताना माझी मान वर होईना.

त्याच दुपारी मी कचेरी गाठली. संपादक हसले. "फोटो कोरडा वाटत होता. पाणी आज ना उद्या येणारच की. आणि तुम्ही नाही का फोटोत उजेड वाढवत?"

"उजेड वाढवला की असलेलं नीट दिसतं. तुम्ही नसलेलं दाखवलंत. उद्या खुलासा छापा."

"पेपर कसा चालवायचा ते आम्हाला शिकवू नका, मॅडम."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि निघाले.

मूळ फोटोची मोठी प्रत काढली. मागे लिहिलं, 'हा फोटो मी काढला आहे. नळाला पाणी नव्हतं.' खाली सही केली. म्हातारी आणि गावातल्या सात-आठ बायकांबरोबर तहसील कचेरीत गेले. साहेबांनी पेपर आणि प्रत शेजारी शेजारी ठेवली.

"यातला खरा कोणता?"

"माझ्या सहीचा. छापलेला खोटा आहे, आणि हे मी कुठंही सांगायला तयार आहे."

म्हातारी मागून म्हणाली, "साहेब, कागद कशाला बघता? गावात येऊन तोटी फिरवा की!"

साहेब आले. तोटी फिरवली. तिसऱ्या दिवशी टँकर सुरू झाला.

त्यानंतर कुठल्याच पेपरनं मला काम दिलं नाही. आता लग्नाचे फोटो काढते. नवरी म्हणाली तर गालावरची पुटकुळी काढून टाकते. चेहरा तिचा, मर्जी तिची. बातमीतला हंडा मात्र संपादकांचा नव्हता.

खुलासा अजून छापलेला नाही. दर महिन्याला मी त्यांना रजिस्टर पत्र पाठवते. पोच येते, उत्तर येत नाही. ओळखीचे म्हणतात, सोडून दे आता. का सोडू? खाली नाव माझं छापलं होतं.