गच्चीवरचा दुष्काळ

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी टोमॅटोची वीस रोपं तहानेनं मारत होते, आणि तेही पीएचडीसाठी. कॉलेजच्या काचगृहात जागा मिळाली नव्हती. दहा रोपांवर ॲब्सिसिक ॲसिड फवारलं होतं, दहांवर नुसतं पाणी. माती सुकू लागली की झाड हे संप्रेरक स्वतःच तयार करतं आणि पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं. पाणीकपात जाहीर झाली की आई घरातला एकेक नळ घट्ट करते, तसं. वरून थोडं आणखी दिलं तर रोप जास्त दिवस तग धरतं का, एवढंच मला दाखवायचं होतं. तेही जमलं नाही, तर आठवड्यावर आलेल्या आढाव्यात गाईड मॅडम मला सोलून काढणार होत्या.

"पाणी घालू नये," अशी पाटी मी लावली. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली सुबक अक्षरात उत्तर आलं: "झेपत नसल्यास झाडे लावू नयेत."

अक्षर सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचं होतं. मी दुर्लक्ष केलं, तिथेच चुकलं. पाचव्या दिवशी वर गेले तर वीसच्या वीस रोपं ताठ, आणि जमिनीवर ओल. मला रडूच आलं. तशीच खाली जाऊन काकांची बेल वाजवली.

"अहो काका, पाणी तुम्ही घातलंत?"

"घातलं. तुझ्यासारखं दगडाचं काळीज नाही माझं."

मी प्रयोग समजावून सांगितला. काकांचा चेहरा उतरला.

"पण सगळ्यांना नाही घातलं," ते हळूच म्हणाले. "माना टाकलेल्यांनाच. कुणाला दोनदा नको म्हणून कुंडीवर खडूनं फुली मारलीय."

आम्ही दोघं वर धावलो. फुल्या दहा होत्या. कुठल्या कुंडीवर काय फवारलंय ते फक्त माझ्या वहीत होतं. ताडून पाहिलं, तर दहाही नुसत्या पाण्याच्या. संप्रेरक फवारलेल्या एकाही रोपाची काकांना दया आली नव्हती. मी डोळे पुसत हसत सुटले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "छान. आता काकांशिवाय करून दाखव," म्हणाल्या, आणि आढावा पुढे ढकलला.

दुसऱ्या खेपेला काका गच्चीकडे फिरकले नाहीत. रोज संध्याकाळी जिन्यात गाठून विचारायचे, "कशी आहेत?" मी खरं ते सांगायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "आज नको सांगूस." मला त्यांची फार माया आली.

पाचव्या दिवशी सकाळी नोंदी संपल्या. काकांना बोलवायला खाली गेले, तर ते दोन भरलेल्या बादल्या घेऊन दारातच उभे होते.