चालता आहे तोवर

एखादी वस्तू बदलायची वेळ झाली की नाही, हे जगात फक्त माझ्या थोरल्या साडूंना कळत असे. निदान त्यांचं तसं ठाम मत होतं. आमचा मिक्सरसुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय निवृत्त होऊ शकला नव्हता. माझ्या बायकोची बहीण, म्हणजे त्यांची बायको, तिला आम्ही ताई म्हणतो. ती म्हणायची, "नवरा बदलायची सोय असती ना, तरी यांनी मला थांबवलं असतं. म्हणाले असते, अजून चालतोय की!"

अंबरनाथला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळत. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं, डिझाइनं, भाव एका जुन्या सर्व्हरच्या पोटात होते. तो गेला की कारखाना आंधळा. त्याच्या खोलीला एसी होता, मालकांच्या केबिनला पंखा. त्यामुळे उल्हासनगरचे ते सिंधी शेठ उन्हाळ्यात डबा घेऊन तिथे जेवायला येत. साडू त्यांना चपला दाराबाहेर काढायला लावत आणि लोणचंही दाराबाहेरच ठेवायला लावत.

इतर ठिकाणी माणसं नवा सर्व्हर मागतात आणि मालक नाही म्हणतात. इथे सगळंच उलटं. दर दिवाळीला शेठ विचारत, "साईं, अब तो बदल दें?" साडू मान हलवत.

"पैसा मेरा जाएगा, पेट में आपके क्यों दुखता है?"

"शेठ, चालत्या माणसाला स्ट्रेचरवर घालू नये."

मग एका सोमवारी वीज गेली, आणि ती आल्यावर सर्व्हर काही उठेना. गेटवर ट्रक उभे, आणि कुठल्या खोक्याचं माप काय, हे कुणालाच पाठ नाही. साडू त्याच्यापुढे मांडी घालून बसले. शेठनी स्वतः चहा आणून त्यांच्याजवळ ठेवला. साडू मला नंतर म्हणाले, "शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं." दुपारी केव्हातरी सर्व्हर घरघर करत उठला. ऑफिसातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"देखा? बुड्ढा मान गया!" शेठ म्हणाले.

"शेठ, नवा बघायला लागा."

"अरे, अभी तो चल पड़ा!"

"चालतोय तोवरच बदलायचा. कायमचा पडल्यावर तो काय सांगणार आपल्याला? बोलता आहे तोवर सगळं काढून घेऊ."

इतकी वर्षं धरलेला हट्ट त्यांनी असा एका दुपारी सोडला. नव्या सर्व्हरची चौकशी मात्र घरजावई आणायचा असल्यासारखी केली. जो सर्व्हर पसंत पडेल तो आधीच घेतलेला एखादा कारखाना ते शोधून काढत आणि तिथल्या साहेबांना न भेटता वॉचमनला गाठत. "साहेब कौतुकच सांगणार. रात्री रडतो का, ते वॉचमनला ठाऊक." एक सर्व्हर त्यांनी केवळ फार शांत आहे म्हणून नाकारला. "काहीतरी लपवतोय," म्हणाले.

अखेर नवा आला, पण जुना काही बंद झाला नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालू, आणि प्रत्येक बिल दोन्हींवर करायचं.

"काका, बोटं झिजली आमची!" मुली कावल्या.

"झिजू देत. नव्याला जमतंय का, ते जुना समोर असतानाच कळतं."

सगळं जुळतंय अशी खात्री झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी जुना सर्व्हर स्वतःच्या हातानं बंद केला, फडक्यानं पुसला आणि बदलापूरला घरी आले. त्या दिवशी जेवले मात्र कमी.

पुढच्या वर्षी त्यांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला नीट कळू दिलं नाही. फक्त ताईला घेऊन बँकेत जाऊ लागले, गॅसचा नंबर तिलाच लावायला लावू लागले. एटीएमसमोर तिला उभं करायचे आणि स्वतः हात मागे बांधून शेजारी. तिचा आकडा चुकला तरी बोलायचे नाहीत, मशीनच काय ते बोले. एकदा मी बरोबर होतो. ताई वैतागून म्हणाली, "मला कशाला हे सगळं? तुम्ही आहात ना?"

"आहे, म्हणूनच," साडू म्हणाले.

ताईचं आता कुठे अडत नाही. तरी एटीएमसमोर उभी राहिली की अजून ती जराशी एका बाजूला सरकते, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.