नोरीनचं काडतूस

आयडाहोच्या त्या डोंगरी खोऱ्यात नोरीन स्टॅगरइतके एल्क कुणीच पाहिले नसतील. पण तिने पाहिलेले सगळे मेलेले. सांबराच्या दुप्पट थोराड जनावर, पण तिच्या दुकानात यायचं ते आकड्याला उलटं टांगायलाच. शिकारी आणून टाकायचे. ती सोलायची, कापायची, कागदात गुंडाळून परत द्यायची. नवरा होता तोवर दोघं, तो गेल्यावर एकटी. शिकारीचा हंगाम तोच तिच्या कामाचा हंगाम, त्यामुळे रानात जायला सवडच मिळाली नाही. साठी उलटली तशी तिने दुकान विकलं आणि धाकट्या भावाला, रॉयसला सांगून टाकलं, "यंदा मीही येणार. परवाना काढलाय."

रॉयसला कोण आनंद झाला! संध्याकाळीच तो आपली सगळ्यात मोठी रायफल घेऊन दारात हजर.

"ही घे. थ्री-थर्टी-एट मॅग्नम. दरीच्या या धारेवरून त्या धारेवरचा नर पाडते."

जुन्या खडीच्या खाणीत नोरीनने ती उडवून पाहिली. पहिल्याच बाराला खांदा बधिर झाला.

"अगं, चाप ओढायच्या आधीच तू डोळे मिटतेस!" रॉयस म्हणाला.

"मिटणारच. खेचराने लाथ घातल्यासारखं होतंय."

"लांबचं मारायचं तर एवढं सोसावंच लागतं."

"का? एल्क काय आवाजाने मरतो?" खांदा चोळत ती म्हणाली. "तुम्हा लोकांच्या गोळ्या मीच काढल्यात, रॉयस. जवळून मारलेल्याचा अख्खा खांदा रक्ताने नासलेला, बादल्या भरून फेकलाय मी. आणि फार लांबून मारलेल्यात गोळी खिळ्यासारखी आरपार, आत शिरल्यावर टोक फुलासारखं पसरायला हवं ते उमललेलंच नाही. ते बिचारं कुठवर धडपडलं असेल, कोण जाणे. मला लांबवर पोचूनही उमलेल आणि जवळून चुरा होणार नाही अशी गोळी हवी. आणि बार काढताना माझे डोळे उघडे राहायला हवेत."

"लग्न ठरवताना तरी एवढ्या अटी घातल्या होत्यास का?"

"घालायला हव्या होत्या," ती म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसले.

उन्हाळाभर तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रायफली मागून आणल्या. शेवटी सेव्हन एमएम मॅग्नमवर तिचं मन बसलं. त्यात अख्ख्या तांब्याची गोळी, उमलणारी पण तुकडे न होणारी. धक्का होता, पण सोसवेल असा. चारशे वारांपर्यंत निशाणाला टांगलेला पोलादी पत्रा दर वेळी वाजायचा. त्यापुढे वारा गोळीला कुठे ढकलेल याचा तिला भरवसा वाटेना.

"काडतूस आठशेपर्यंत जातं की गं!" रॉयस कुरकुरला.

"काडतूस जातं. मी चारशेलाच थांबते."

सप्टेंबरात घोड्यांवर सामान लादून दोघं आतल्या रानात गेले. पहाटे धारेवर पालथे पडले होते, तेवढ्यात समोरच्या उतारावरून आवाज आला. आधी बासरीसारखा बारीक. मग चढत चढत किंकाळी झाली, आणि शेवटी खोल घुरघुर. अख्खी दरी घुमली.

"हे कोण?" नोरीन दचकून पुटपुटली.

"कोण म्हणजे? नर. माज आलाय त्याला."

ते नरडं तिने हजारदा कापून टाकलं होतं. त्यातून असं काही निघतं हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग झाडांतून तो बाहेर आला. मानेवर काळी आयाळ, तोंडातून वाफ, आणि एवढ्या शिंगांचा डोलारा जणू वजनच नाही असा पेललेला.

रॉयसने अंतर मोजलं. "सहाशेच्या आत. मार."

"नाही."

"अगं, निघून जाईल!"

"जाऊ दे. बघू दे मला."

नराने शिंगांनी एक रोपटं पार झोडपून काढलं. एवढ्यात यांच्याच उताराखालून दुसरा नर ओरडला. पहिला थरथरला, आणि त्या ललकारीला उत्तर देत सरळ खाली उतरला, ओढा तुडवून यांच्या बाजूला चढू लागला. रॉयस कुजबुजत अंतर सांगत होता. "पाचशे... साडेचारशे... नोरीन, आता चारशेच्या आत आलाय."

नर आडवा उभा राहिला. नोरीनने उघड्या डोळ्यांनी चाप ओढला.

तो चार पावलं चालला. थांबला. डोंगराकडे बघत राहिला, आणि मग गुडघे दुमडून बसावं तसा खाली गेला. खालचा नर पुन्हा ओरडला. उत्तर आलं नाही.

जवळ गेले तेव्हा त्याच्या अंगातून वाफ निघत होती. नोरीनच्या हातात सुरी होती, पण हात चालेना.

"काय गं, कापायचं विसरलीस?" रॉयसने चिडवलं.

"थांब जरा." तिने नराच्या आयाळीत हात खुपसला. ऊब होती. "एवढा असतो हा, रॉयस. इतकी वर्षं माझ्या हाताखालून गेले, आणि मला ठाऊकच नव्हतं."

मग रॉयस चिडवायचा थांबला. टोपी काढून तोही शेजारी बसला. ऊन वर आल्यावर तिने बाह्या सारल्या, आणि एवढ्या निगुतीने कापलं की एक वाटाही वाया गेला नाही.

तेव्हापासून दर सप्टेंबरला ती त्या धारेवर जाते. परवाना दरवर्षी मिळतोच असं नाही. नाही मिळाला तर रायफल घरीच ठेवते, थर्मासात कॉफी भरून घेते, आणि उजाडायच्या आधी जाऊन बसते. शेजारणीने एकदा विचारलं, नुसतं बसून काय मिळतं?

"एकदा ऐकून तर बघ," नोरीन म्हणाली, आणि पुढच्या खेपेला तिलाही घेऊन गेली.