मूकपटातल्या नटाला आखजीचं पान

मंडळी, आज मुर्री गावाहून रिकाम्या हातानं परतलो, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मूकपटातल्या त्या आखूड कोटवाल्या विनोदी नटाचे फोटो, पोस्टर, जुन्या काडेपेट्या मी जमवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मित्र म्हणाला, "माझ्या मावशीकडे त्याचा मोठा फोटो आहे, मागून बघ." भर उन्हात गाडी काढली. आज आखजी, म्हणजे पितरांना जेवू घालायचा दिवस, हे डोक्यातच नव्हतं.

पाहतो तर काय, भिंतीवर पितरांच्या ओळीत, गेलेल्या मावसाजींच्या शेजारी हा पठ्ठ्या! काचेवर कुंकू, गळ्यात हार, समोर पळसाच्या पानावर वडा आणि द्रोणात पन्हं. मला हसू आवरेना.

"मावशी, हे तुमचे कोण?"

"कोणी नाही. सिनेमातला माणूस आहे थो. मले काय समजत नाही का?" मावशी फटकन बोलल्या. "तुह्या मावसाजीनं मंडईच्या जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूतून आणला होता. मंग थे लकव्यानं पडले, बोलणं गेलं. खाटेवरून याच्याकडे पाहून हासत राहत. माह्या माणसाले शेवटवरी ज्यानं हासवलं, त्याले उपाशी कायले ठेवू?"

फोटो मागायची हिंमत झाली नाही. वाढलेला वडा खाल्ला आणि निघालो.

आता घरी माझी भिंत बघत बसलोय. सगळे फोटो चकाचक फ्रेममध्ये. कोणता किती जुना, कोणता दुर्मिळ, सगळं तोंडपाठ आहे. यातल्या एकाकडे तरी पाहून मी शेवटचा कधी हसलो, तेवढं आठवत नाही.

तुम्हाला आठवतं?