तिच्या सळ्या

वरवे बुद्रुकजवळच्या एका लहान कारखान्यात मी सहा वर्षं भट्टी सांभाळत होते. कार्बनचे केसाहून बारीक तंतू साच्यात बसवायचे, त्यांत वितळलेलं ॲल्युमिनियम दाबून भरायचं, साचा ठरलेला वेळ तापता ठेवायचा आणि मग गार करून सळई काढायची. तंतूंमुळे सळईला बळ येतं. मार्गासनीहून रोज एसटीनं येणाऱ्या माझ्या तोडीचं या कामात कुणी नाही, असं मला वाटायचं.

मग कामथडीची ती मुलगी कामाला लागली. पहिल्याच महिन्यात मशीनवर ओढून तोडताना तिच्या सळ्या माझ्या सळ्यांपेक्षा जास्त ताण घेऊ लागल्या. मालक सगळ्यांसमोर मला म्हणाले, "हिच्याकडून शिका जरा."

माझा जळफळाट झाला. ती ताई-ताई करत डबा पुढं करायची, मी उपास आहे म्हणायचे.

एका दुपारी तिला घरून फोन आला. बाहेर जाताना म्हणाली, "ताई, घंटी वाजली की माझा साचा तेवढा काढा. जास्त येळ ठेवू नका, धातू तंतूंना खातो."

"काढते की."

घंटी वाजली. मी हातमोजे चढवले आणि तशीच उभी राहिले. वीस मिनिटं. ती फाटकातून येताना दिसली तेव्हा साचा बाहेर घेतला.

दोन दिवसांनी तिच्या सळ्या खडूसारख्या मोडल्या. मालकांचा आवाज चढला.

"ताई, येळेवर काढला व्हता ना?"

"व्हय."

तिचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पण ती गप्प बसली नाही. मोडलेली टोकं तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. चांगल्या सळईच्या तुटल्या टोकाला तंतू केरसुणीसारखे बाहेर आलेले असायचे, इथं सगळं सपाट होतं. जास्त वेळ तापल्यानं तंतू आणि धातू यांच्यामध्ये ठिसूळ थर धरला होता, आणि तडा तंतूंसकट आरपार गेला होता. मग तिनं वेगवेगळा वेळ तापवून नव्या सळ्या केल्या, त्यांचे फोटो ओळीनं लावले. त्यावरून साचा जास्तीत जास्त किती वेळ आत ठेवायचा ते पक्कं झालं, आणि मालक तिला पुण्याला गिऱ्हाइकाला समजावून सांगायला घेऊन गेले.

मी बिघडवलेलं कामच तिला मोठं करून गेलं. ते आतल्या आत ठेवणं मला जड जाऊ लागलं.

पुढच्या आठवड्यात नसरापूरच्या स्टँडवर मी तिला सांगून टाकलं, "तो साचा मी मुद्दाम आत ठेवला होता."

"ठाव हाय मला. साचा कवा काढला त्याची नोंद भट्टीच्या मशीनमधी ऱ्हाते, ताई."

"मग मालकांना का नाही सांगितलंस?"

"सांगणारच व्हते. म्हटलं, तुमी आधी सांगताय का बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला भट्टीवरून काढून तंतू कापायच्या टेबलावर बसवलं.

आता तंतूंच्या जुड्या मी बांधते. त्या घालून झालेल्या सळ्या तिच्या नावानं बाहेर पडतात, आणि ते मला अजूनही सोसत नाही.