भोसल्यांच्या पाटीखालचा तानाजी

मंगलाताईंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. झाशीत लक्ष्मी गेटजवळ राहणाऱ्या या वकीलबाई. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी दोन वाक्यांतच हिंदीत शिरते. परदेशी कामाला गेलेल्या आणि पुढे पत्ता न लागलेल्या माणसांच्या घरच्यांसाठी त्या झटतात. त्या नसत्या तर माझा गाववाला तानाजी जाधव झाशीच्या मुर्दाघरातून बेवारस म्हणून गेला असता.

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. सराफांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. सातवीत शाळा सोडून मी झाशीला आलो, तेव्हा तानाजीनंच मला भट्टीशी बसवलं. हात बसला नव्हता तोच एकदा माझ्याकडून सोनं वितळवायची तापलेली मूस कलंडली. मी भाजणार, एवढ्यात त्यानं मधे हात घातला. त्याच्या डाव्या मनगटावर चंद्रकोरीसारखा डाग राहिला तो कायमचा. "पोरगी बघायला गेलो आणि कुणी डागाचं विचारलं, की तुझंच नाव सांगणार," म्हणायचा. पोरगी बघायचं राहूनच गेलं...

पुढे त्यानं झाशीजवळच्या मऊरानीपुरात, गावी परतलेल्या भोसल्यांचं दुकान चालवायला घेतलं. आमच्यात चालवणारा बदलला तरी पाटी तीच राहते, कारण सराफांचा विश्वास पाटीवर असतो. त्यामुळे जो गादीवर बसेल तो भोसले. चहावाला हाक मारायचा, "भोसलेजी, आज कड़क?" तानाजी ओ द्यायचा. त्यात कुणाला कधी वावगं वाटलं नाही.

यंदा बेतवा नदीकाठच्या एरचला गिऱ्हाइकाकडे म्हणून तो गेला आणि त्याचा फोन बंद लागायला लागला. शेवटी मी मऊरानीपूरच्या त्या चहावाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, भोसलेजी तो बेतवा में डूब गए! आपको किसी ने बताया नहीं?"

बाजारातल्या लोकांनी कपड्यांवरून ओळखून पोलिसांना तेच नाव सांगितलं होतं. पोलिसांनी गावी फोन लावला, तो खुद्द भोसल्यांनीच उचलला. "मी जिवंत आहे साहेब, जेवतोय," म्हणाले, आणि हल्ली फसवणुकीचे फोन येतात म्हणून घाबरून ठेवून दिला. झालं! प्रेत अनोळखी ठरून झाशीच्या मुर्दाघरात आलं. मला कळलं त्याच दिवशी संध्याकाळी ते जाळायचं होतं.

पोलिसांसमोर जायची माझी छाती होईना. शिक्षण नाही, मुलूख परका. उलट मलाच धरलं तर? मंगलाताईंच्या दारात उभा राहून मी सगळं सांगितलं. त्यांनी चपला घातल्या. "डर तो लगेगा, भैया. चल, मी आहे ना."

मुर्दाघराच्या दारातला माणूस म्हणाला, "बेवारस है मैडम, कागज़ हो गया."

"बेवारस कैसे? उसकी माँ ज़िंदा है." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परक्या जागी मेला म्हणून माणसाचं नाव जात नाही, भैया. जगाच्या कायद्यात आहे हे. आईला कळायचा हक्क आहे. तू फक्त बघून सांग."

पाण्यानं चेहरा राहिला नव्हता. मी बोटांवरचे, सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचे पिवळे डाग दाखवले. तो माणूस वैतागला, "ये तो यहाँ हर मराठे के हाथ पर हैं!" बाहेर प्रेत न्यायची गाडी येऊन थांबली होती. मी डावं मनगट बघायला मागितलं. चादर सरकेना... सरकली. चंद्रकोर होती.

"जाधव," मी म्हणालो. "तानाजी जाधव." झाशीत त्याचं पुरं नाव मी पहिल्यांदाच उच्चारत होतो.

गाडी रिकामी परत गेली. तानाजीच्या आईला, काकूंना, फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "नीट बघितलंस का रे?" दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला. अग्नी त्यानं दिला.

परवा मऊरानीपूरच्या दुकानात गेलो होतो. तानाजीची सांडशी अजून तिच्या खिळ्यालाच आहे. गादीवर गावाकडून नवा आलेला पवार बसलाय. बाहेरून हाक आली, "भोसलेजी, चाय?" तो ओ देणार, तेवढ्यात मीच ओरडलो, "पवार! इनका नाम पवार है!" चहावाला कप धरून बघतच राहिला.

ताई, तुम्ही माझ्याकडून काहीच घेतलं नाहीत. पण कुणा अनोळख्याच्या उशाशी उभं राहायला तुम्हाला कधीतरी माणूस लागेल. मला हाक मारा. भट्टी पेटलेली असली तरी विझवून येईन.